दुपारी दोनचं गिऱ्हाईक

राजकोटात दुपारी एक ते चार काही घडत नाही. दुकानांची शटरं खाली, रस्ते मोकळे, कुत्रीसुद्धा उभ्या गाड्यांखाली आडवी. दोन वाजता कुणी दार वाजवलं तर माणूस बाहेरगावचा आहे, हे दार न उघडताच कळतं.

आमचे हे, म्हणजे अनंतराय कोटेचा, या झोपेचे कट्टर भक्त. बेअरिंगचं दुकान होतं तेव्हा एकला शटर ओढून घरी यायचे. दुकान पुतण्याला सोपवून सहा वर्षं झाली, पण घड्याळ तेच. एकला जेवण, दीडला आडवे, चारला चहा. भूकंप झाला त्या दिवशी सगळं गाव भेदरून मैदानात बसलं होतं, तर हे दीड वाजता सतरंजी पसरून तिथेच झोपले. मी पोरीला पोटाशी धरून देवाचं नाव घेतेय आणि शेजारी हा माणूस निवांत पडलाय. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

यांचं दुसरं वेड शेअरचं. तसं आमच्या गावात शेअरचं वेड नसलेला माणूस शोधायचा तर पाळण्यातच शोधावा लागेल. पण यांची तऱ्हा वेगळी. ताळेबंद वाचतील, पण त्यावर विश्वास ठेवणार नाहीत. कंपनी स्वतःच्या नाकानं हुंगल्याशिवाय पैसा लावायचा नाही. बिस्किटांची कंपनी असेल तर वीस दुकानांत जाऊन पुड्यांवर बोट फिरवणार, धूळ किती बसलीय बघणार. एकदा मोरबीकडच्या एका टाइल्सच्या कंपनीनं विक्री दुप्पट झाल्याचं छापलं होतं. हे एसटीनं गेले, फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर दिवसभर बसले आणि संध्याकाळी येऊन म्हणाले, धुराड्यात कबुतरांनी घरटं केलंय, अंडीसुद्धा घातलीयत. सोसायटीतल्या कुणीही तो शेअर घेतला नाही. पुढं वर्षभरात ती कंपनी बुडाली आणि आमचे हे हरिद्वार सोसायटीचे वैद्यराज झाले.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर अकरा पुरुष जमतात. गरम गाठिये, तळलेल्या मिरच्या आणि कच्च्या पपईचा संभारा खात खात कंपन्यांची नाडी बघतात. अनंतभाईंनी पास केली तर घ्यायची, नापास केली तर परत नाव काढायचं नाही. दुकान गेल्यावर या माणसाकडे एवढं एकच उरलं होतं, आणि ते किती जपतात हे मला माहीत आहे. मिरच्या तळायच्या मी, हा भाग वेगळा.

तर यंदा फुर्र मोबिलिटी नावाच्या कंपनीचा आयपीओ यायचा होता. बंगळूरची कंपनी. गावात नाक्यानाक्यावर त्यांच्या विजेवर चालणाऱ्या जांभळ्या स्कूटरी उभ्या असतात. फोन दाखवला की सुरू होते, हवी तिथे जायचं, परत कुठल्याही नाक्यावर उभी करून चालू लागायचं. मिनिटामागे पैसे. कंपनीनं चारशे पानांचं पुस्तक काढलं होतं, आणि हे आठ दिवस तांबडी पेन्सिल घेऊन त्याच्यावर वाकलेले. धंदा तोट्यात आहे, पण तोटा दरवर्षी कमी होतोय. बॅटऱ्या तीन वर्षं टिकतात असं लिहिलंय, पण कुणी बघितलंय. एक स्कूटर दिवसात किती वेळा फिरते, त्यावर सगळं अवलंबून. जेवताना, चहा पिताना, आंघोळीला जाताना हेच. मी हो हो म्हणायचे.

नवव्या दिवशी सकाळी हे पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आले. मी थेपल्यांचं पीठ मळत होते. चेहरा असा फुललेला की मला वाटलं लेकीचा कॅनडाहून फोन आला.

"तरु, पकडलं," हे म्हणाले. "पान दोनशे बारा."

त्या पानावर गावोगावचे आलेख होते, कुठल्या तासाला किती स्कूटरी फिरतात त्याचे. सुरत, इंदूर, म्हैसूर, सगळीकडे सकाळी नऊला एक उंचवटा आणि संध्याकाळी सहाला दुसरा. कचेरीला जाणारे, कचेरीतून येणारे. राजकोटचा मात्र सगळ्यात उंच डोंगर दुपारी पावणेदोन ते साडेतीन. यांनी त्या डोंगरावर तांबडी फुली मारली होती.

"दुपारी दोनला," हे म्हणाले, "राजकोटात. म्हणजे बंगळूरच्या कुणा शहाण्यानं खुर्चीत बसून आकडे भरलेत, आणि त्याला आपलं गाव माहीत नाही. सगळ्या फेऱ्या खोट्या."

आणि माझे हात पिठातच राहिले.

कारण त्या डोंगरात मी होते. एक-दोनदा नाही, सव्वा वर्ष, रविवार सोडून रोज.

आता सांगतेच. लग्न होऊन आले तेव्हा मला स्कूटर हवी होती. हे म्हणाले, तुला कुठे जायचंय, मी आहे ना सोडायला. आणि खरंच सोडायचे, तक्रार नाही. देवळात सोडायचे, भिशीला सोडायचे, माहेरी सोडायचे आणि बाहेर गाडीवर बसून दहाव्या मिनिटाला हॉर्न वाजवायचे. चाळीस वर्षं मी या माणसाच्या पाठीकडे बघत राजकोट बघितलं. मग गेल्या वर्षी लेक आली होती, तिनं माझ्या फोनवर ते फुर्र घालून दिलं. या स्कूटरीला परवाना लागत नाही, कारण ती जेमतेम सायकलीएवढी पळते. लेकीनं सोसायटीच्या मागच्या गल्लीत दोन दुपारी शिकवलं आणि गेली. तिसऱ्या दुपारी हे झोपले, मी साडी बदलून ड्रेस घातला, तोंडाला ओढणी गुंडाळली, चपला हातात घेतल्या आणि जिना उतरले.

गेले कुठे, तर कुठेच नाही. रेसकोर्सला दोन चकरा मारल्या, न्यारी धरणाच्या रस्त्यावर निम्म्यापर्यंत गेले, काला खट्टा गोळा खाल्ला आणि पावणेचारला परत. ओठ जांभळे झाले होते ते घासून घासून धुतले. चार वाजता चहाचा कप यांच्या हातात दिला तेव्हा त्यात साखर घालायलाच विसरले होते. भीतीनं नव्हे. इतकं मोकळं मला कुमारिका असतानाही वाटलं नव्हतं.

महिन्याभरात खालच्या मजल्यावरच्या रसिलाबेन सामील झाल्या, मग समोरच्या इमारतीतल्या दोघी. आणि रेसकोर्सवर बघते तो काय, अशा ओढण्या गुंडाळलेल्या पंधरा-वीस जणी जांभळ्या स्कूटरींवरून फिरतायत. तोंडं झाकलेली, त्यामुळं सासू कोण, सून कोण, काही कळायचं नाही. आम्ही एकमेकींना मान हलवायचो आणि पुढं जायचो. घराघरात पुरुष झोपलेले आणि बायका रस्त्यावर. झोपलेल्याला कोण जागं आहे ते कसं कळणार? राजकोटच्या पुरुषांनी गावाचं घड्याळ स्वतःच्या डोळ्यांवर लावलं होतं.

हे सगळं मी तेव्हा मनात म्हणाले. तोंडानं एवढंच विचारलं की समजा बायका जात असतील तर.

हे हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलानं काहीतरी विचारलं की हसतात तसे हसले. म्हणाले, "बायका? भर दुपारी? कुठे जाणार?"

तो 'कुठे' मला असा झोंबला म्हणून सांगू. पीठ आपटलं मी परातीत. मनात म्हटलं, शोधा आता तुम्हीच.

पण शोधायला हे खरोखरच बसतील असं वाटलं नव्हतं. संध्याकाळी हे म्हणाले की रविवारी कंपनीची माणसं याज्ञिक रोडवरच्या हॉटेलात गुंतवणूकदारांना भेटायला येतायत, जेवणही आहे. तिथे उभं राहून सगळ्या गावासमोर हे पान दाखवणार. मात्र रिकाम्या हातांनी नाही. त्याआधी तीन दिवस दुपारी नाक्यावर स्वतः बसून मोजणार, किती स्कूटरी हलतात. दुपारी. जागं राहून. भूकंपानं जे झालं नाही ते पान दोनशे बारानं झालं.

मी लगेच कपडे आणायला म्हणून गच्चीवर गेले आणि तिघींना फोन केले. तीन दिवस कुणी हलायचं नाही. रसिलाबेन कुरकुरल्या. त्यांचं म्हणणं, अनंतभाईंना सांगून टाक, फार तर काय करतील. मी म्हटलं, काही करणार नाहीत, आरडाओरडासुद्धा नाही. उद्यापासून दीड वाजता म्हणतील, तरु, तुला कुठे जायचंय, चल, मी सोडतो. त्यावर रसिलाबेन कबूल झाल्या. त्यांचे यजमान होते तेव्हा तेही सोडायचे.

पहिल्या दुपारी हे प्लास्टिकची खुर्ची, छत्री, वही आणि थर्मासभर कडक चहा घेऊन नाक्यावरच्या लिंबाखाली बसले. समोर सहा जांभळ्या स्कूटरी. मी पडद्याआडून बघत होते. दोन वाजता मान खाली आली, झटक्यात वर गेली. अडीचला उभे राहिले, स्वतःच्याच गालावर चापट मारली. पण जागे राहिले, हे कबूल करायला हवं. चार वाजता वर आले, डोळे लालभडक, आणि वहीत शून्य. दुसऱ्या दुपारी तेच, पुन्हा शून्य.

मी त्या दोन दुपारी घरात कोंडल्यासारखी बसून होते. कपाटं आवरली, डबे पुसले, पुसलेले डबे पुन्हा पुसले. आणि जीव खात होतं ते वेगळंच. ती शून्यं यांची नव्हती, माझी होती. चौघींनी बसून या माणसाच्या वहीत खोटा आकडा भरला होता, आणि हा माणूस त्या आकड्याच्या जोरावर गावासमोर उभा राहायला निघाला होता.

तिसऱ्या दुपारी मात्र निसर्गानं हिसका दाखवला. पावणेदोनला यांचं डोकं मागं टेकलं, तोंड उघडलं आणि छत्री कलंडली. दोन मिनिटांत रसिलाबेनचा फोन. त्या म्हणाल्या, "तरुबेन, मी चालले, आता राहवत नाही." मी नको नको म्हणेपर्यंत बाई खाली पोचल्यासुद्धा, फोन चालूच ठेवून. स्कूटरी सहा, पण बॅटरी भरलेली एकच, आणि ती नेमकी यांच्या खुर्चीला चिकटून. फोन दाखवला की ती मेली मोठ्यानं टिंग करते. तिनं टिंग केलं आणि यांचा एक डोळा उघडला.

"कोण?"

ओढणीच्या आतून रसिलाबेन घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "मीटर बघायला आलेय."

"मीटर मागच्या बाजूला," हे म्हणाले आणि परत झोपले.

मी पडद्यात तोंड खुपसून हसले. हसता हसता उचकी लागली. पाच मिनिटांनी बाकीच्या दोघीही गेल्या, बाजूच्या नाक्यावरून. साडेतीनला तिघी परत आल्या, रसिलाबेननी स्कूटर होती तिथेच, खुर्चीला चिकटून लावली. चारला हे जागे झाले, घड्याळ बघितलं आणि वहीत लिहिलं, दीड ते चार, शून्य. खुर्चीत बसून डोळे मिटले तर ती झोप धरायची नसते, असा सगळ्या राजकोटचा कायदा आहे. यांना जराही शंका आली नाही.

रविवारी सकाळी हे पांढराशुभ्र सफारी घालून आरशासमोर भाषण घोकत होते. गच्चीवरचे अकरा जण सपत्नीक निघाले होते, कारण जेवणात उंधियू आहे अशी बातमी होती. मी यांच्या रुमालाला इस्त्री करत होते आणि तोंडाशी आलेलं बोलणं गिळत होते. सांगावं तर दुपार जाते. न सांगावं तर हा माणूस खोट्याच्या आधारावर खऱ्या कंपनीला खोटं म्हणणार, आणि कधी ना कधी बिंग फुटलं की गावभर हसं होणार. सहा वर्षांत एकदा हे मला म्हणाले होते, दुकानात रोज कुणीतरी काहीतरी विचारायला यायचं, आता फक्त रविवारी येतात. ते आठवलं आणि इस्त्री तिथेच राहिली. रुमाल थोडा करपला.

हॉटेलात दोनेकशे माणसं. कंपनीतर्फे हेगडे नावाची मुलगी आलेली, तिशीची असेल, नीटनेटकी, हिंदीत छान बोलत होती. तिचं झालं आणि प्रश्नांची वेळ आली तसे हे उठले. पान दोनशे बारा हवेत धरलं. आवाज काय लागला होता. म्हणाले, या गावात दुपारी दोनला पोस्टमन फिरत नाही, भिकारी फिरत नाही, माशी बसली तर ती हाकलायला हात उठत नाही, आणि तुमच्या स्कूटरी मात्र सगळ्यात जास्त धावतात. मी तीन दिवस नाक्यावर बसून मोजलंय. वही उघडून तीन शून्यं दाखवली. सगळा हॉल हसला, टाळ्या पडल्या.

हेगडे म्हणाली की फेऱ्या खऱ्या आहेत, प्रत्येकीचे पैसे जमा झालेत.

"मग नावं सांगा," हे म्हणाले.

ती म्हणाली, गिऱ्हाइकांची नावं आम्ही सांगत नाही, तो नियम आहे.

"नियम नाही, बेन. नावंच नाहीत."

पुन्हा टाळ्या. यांनी सांगून टाकलं की उद्याच अकरा सह्यांचा तक्रार अर्ज जाणार, वर, सरकारात. त्या मुलीचा चेहरा उतरला. तिनं कागद चाळले, माइक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, आणि मला दिसलं की तिला आता रडू फुटणार. ती खरं बोलत होती आणि सगळा हॉल तिला खोटं ठरवत होता. आणि ज्या बायकांना खरं माहीत होतं त्या समोरच्या रिकाम्या ताटाकडे डोळे लावून बसल्या होत्या. मीही त्यातच.

मी उठले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, देवाशपथ. कबुली द्यायची हिंमतही नव्हती. माइक हातात आला आणि मी आपली गिऱ्हाईक बोलतं तसं बोलले.

"तुमच्या स्कूटरीची सीट काळी आहे. दुपारी दोनला ती तव्यासारखी तापते. बसवत नाही. सावलीत उभ्या करायचं काहीतरी बघा."

हे अजून उभेच होते. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, आणि मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं की डिकीत पर्स मावत नाही. मी त्या बाईला ओळखतही नव्हते. मग दुसरी उठली, अडीचनंतर बॅटरी भरलेली एकही मिळत नाही म्हणाली. तिसरीचं म्हणणं, टिंग आवाज बंद करा, घरात माणसं झोपलेली असतात. मग काय विचारता. आरसा सैल आहे, ओढणी चाकात जाते, न्यारीच्या रस्त्याला स्कूटर ठेवायला एकसुद्धा नाका नाही. तक्रारींचा असा पाऊस पडला की हेगडे लिहून घेता घेता थकली. प्रत्येक बाई उठली की तिच्या शेजारचा पुरुष मान वर करून तिच्याकडे बघत राही. गच्चीवरच्या अकरांतले रमणीकभाई सेजपाल बायकोचा पदर ओढून तिला खाली बसवत होते आणि ती पुन्हा उठत होती, तिचं ब्रेकबद्दल राहिलं होतं.

हे अजून तसेच उभे. वही उघडी. शेवटी माइकशिवायच मला विचारलं, "किती वाजता निघतेस?"

"पावणेदोनला."

"रोज?"

"रविवार सोडून."

"आणि ते तीन दिवस?"

"पहिले दोन दिवस मीच सगळ्यांना थांबवलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही झोपला होतात."

हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि तिन्ही शून्यांवर एक एक रेघ मारली. मग वर बघून त्या मुलीला म्हणाले की माझा आकडा चुकला, माफ करा, आणि खाली बसले. लोक हसत होते, पण यांच्याकडे बघून नव्हे, आपापल्या बायकांकडे बघून. जेवताना मित्रांनी घेरलं, अनंतभाई, घ्यायचा की नाही, तेवढं सांगा. हे म्हणाले, उद्या सांगतो. उंधियूला यांनी हात लावला नाही.

घरी येताना गाडीवर मी पाठीकडे बघत बसले होते. संध्याकाळी झोपाळ्यावर बसून यांनी एकच प्रश्न विचारला.

"जातेस कुठे?"

"कुठेच नाही," मी म्हटलं. "तेच तर हवं होतं मला."

हे जमिनीला पाय टेकवून, झोपाळा थांबवून बसले. मला वाटलं आता म्हणतील, मला सांगायचं होतंस, मी सोडलं असतं. ते वाक्य ऐकायला लागू नये म्हणून मी भाजी निवडायला आत गेले. माझी दुपार संपली असं मी धरून चालले होते, आणि भेंडी चिरताना रडलेसुद्धा. त्यात लपवण्यासारखं काही नाही. साठ वर्षांच्या बाईनं गोळ्यासाठी आणि चार मैलांच्या चकरेसाठी रडू नये असं कुठे लिहिलंय?

सोमवारी सकाळी हे कुठेतरी जाऊन आले. कुठे, ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. एकला जेवले. दीडला सोसायटीतला देखावा बघण्यासारखा होता. बाल्कनीबाल्कनीत पुरुष जागे. रमणीकभाई डोळ्यांना पाणी लावून जिन्याच्या तोंडाशी वर्तमानपत्र घेऊन बसलेले. बायका आतून बघतायत. पावणेदोनला एक मान पडली, मग दुसरी. दोनला सगळ्या बाल्कन्यांत माना लोंबलेल्या. रमणीकभाईंनी वर्तमानपत्र तोंडावर घेतलं होतं, ते श्वासाबरोबर वर-खाली होत होतं.

आमच्या घरात हे खाटेवर आडवे झाले होते. डोळे मिटलेले, पण चष्मा नाकावरच. हाताची घडी आवळून धरलेली. झोपलेला माणूस असा दिसत नाही, चाळीस वर्षं बघतेय मी. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. जावं, न जावं. ओट्याला फडकं मारलं. परत येऊन उभी राहिले.

"दोन वाजून गेले," हे डोळे न उघडताच म्हणाले. "कशाची वाट बघतेयस?"

मी हातातल्या फडक्याची घडी घातली.

"सकाळी अर्ज भरून आलोय. तीनशे शेअर. मित्रांनाही सांगितलं, घ्या. नवऱ्याला फसवून उन्हात येणारं गिऱ्हाईक आहे, असं पक्कं गिऱ्हाईक मला दुकानात एक मिळालं नाही." मग कुशीवर वळत, भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "चहा मी करीन चारला. मिनिटामागे पैसे आहेत ना? मग जवळच्या जवळ फिरून येऊ नकोस."